दुखतो घोटा, मोडते गुडघ्याखाली

पावसाळा आला की आमच्या कोकणात हाडांच्या दवाखान्यात गर्दी वाढते. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, अंगण निसरडे होते, आणि फजरला मस्जिदीत जाणारे बुजुर्ग असोत की विहिरीवरून घागर आणणारी सून असो, कोणाचा ना कोणाचा पाय घसरतोच. यातले बहुतेक जण 'घोटा मुरगळला' म्हणून येतात आणि बहुतेकांचा तो खरोखरच नुसता मुरगळलेला असतो. आठवडा-दोन आठवडे विश्रांती, बर्फ, पट्टी, की बरे. पण शंभरात एखादा असा येतो की त्याच्या बाबतीत 'मुरगळला' हा शब्द धोक्याचा ठरतो. या महिन्यात त्याच दुखापतीबद्दल लिहीत आहे. यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही सांगणार आहे. ती सांगितल्याशिवाय हा विषय तुमच्या मनात बसणार नाही.

जुलैच्या एका संध्याकाळी, असरनंतर, पन्नाशीच्या आसपासच्या एक बाई मुलाच्या खांद्यावर हात ठेवून दवाखान्यात आल्या. आमच्याकडे सगळे त्यांना आपा म्हणतात, मीही म्हणतो. सकाळी मागच्या दारी भांडी घासून उठताना पाऊल पायरीवर अडकले, अंग मात्र दुसऱ्या बाजूला फिरले आणि त्या खाली बसल्या. घोटा आतल्या बाजूने सुजला होता. त्या चालत आल्या होत्या, लंगडत का होईना. सलवार चार बोटे वर करून त्यांनी घोटा दाखवला. मी तेवढाच पाहिला, तेवढाच दाबला. बाहेरच्या उंचवट्यावर दुखत नव्हते, आतल्या बाजूला दुखत होते. घोट्याचा एक्स-रे काढला. हाड कुठे मोडलेले दिसेना. मी मुलाला म्हणालो, "हाड ठीक आहे, लिगामेंटला मार लागलाय." पट्टी, गोळ्या, आराम. आपा 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणून घरी गेल्या.

सतराव्या दिवशी त्या पुन्हा आल्या. सूज थोडी उतरली होती, पण पाय टाकला की घोटा 'जागेवरून सरकल्यासारखा' वाटत होता. त्यांचे खरे गाऱ्हाणे वेगळेच होते. "डॉक्टर, अत्तहियातला बसताच येत नाही. पाऊल मोडून बसले की आतून कोणीतरी फाडतंय असं वाटतं." आणि मग जाता जाता, जणू महत्त्वाचे नाही अशा सुरात, त्यांनी सांगितले, "आणि इथं वर, गुडघ्याच्या खाली बाहेरच्या अंगाला ठणकतं. पडले तेव्हा मार लागला असेल."

मी नर्सताईंना आत बोलावले, आपांच्या पायांवर चादर टाकली आणि त्यांच्या परवानगीने गुडघ्याखालचा बाहेरचा भाग बोटाने दाबला. आपांनी पाय झटकन ओढून घेतला. त्या क्षणी मला कळले की पहिल्या दिवशी मी काय करायचे राहिलो होतो. आता गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण पायाचा एक्स-रे काढला. बाहेरच्या बारीक हाडाला, गुडघ्याच्या जरा खाली, पिळासारखी तिरकी मोड होती. घोट्याचा एक्स-रे आता उभे करून काढला, तर आतल्या बाजूची फट दुसऱ्या पायाच्या तुलनेत स्पष्ट रुंद दिसत होती.

या दुखापतीला मेझोनोव्ह फ्रॅक्चर म्हणतात. ज्युल्स मेझोनोव्ह हे फ्रान्सचे शल्यचिकित्सक. त्यांनी 1840 साली तिचे वर्णन केले. एक्स-रेचा शोध लागला 1895 मध्ये, म्हणजे त्यानंतर 55 वर्षांनी. मेझोनोव्ह यांनी मृतदेहांच्या पायांवर प्रयोग केले. पाऊल बाहेर वळवले तर कोणते हाड कुठे मोडते हे त्यांनी पाहिले आणि घोट्यात लागलेला पिळ हाडातून वर चढत जाऊन गुडघ्याजवळ मोडू शकतो हे सांगितले. त्यांच्याकडे यंत्र नव्हते. पाय कसा वळला याचा विचार आणि बोटांचा स्पर्श एवढेच होते. माझ्याकडे यंत्र होते, आणि मी बोट लावायचे विसरलो.

आता हे होते कसे ते समजून घेऊ. गुडघ्याखाली आपल्या पायात दोन हाडे असतात. एक जाड, पुढून हाताला लागते ती नडगी. दुसरे बाहेरच्या बाजूचे बारीक हाड, त्याला फिब्युला म्हणतात. ही दोन्ही हाडे खाली येऊन घोट्याचे दोन उंचवटे बनतात, आतला नडगीचा आणि बाहेरचा फिब्युलाचा. या दोन उंचवट्यांच्या मध्ये पावलाचे सर्वांत वरचे हाड, टॅलस, घट्ट बसलेले असते. सुताराने बनवलेली दाराची चौकट आठवा. दोन बाजूंना दोन खांब, मध्ये दार. खांब एकमेकांपासून किंचित जरी सरकले, तर दार नीट बसत नाही, घासते, डुलते. घोट्याचेही तसेच आहे.

हे दोन खांब एकमेकांना बांधून ठेवण्याचे काम घोट्याच्या जरा वर असलेले मजबूत अस्थिबंध करतात. त्या बांधणीला सिंडेस्मोसिस म्हणतात. शिवाय दोन्ही हाडांच्या मध्ये वरपर्यंत एक पातळ पण चिवट पडदा असतो. आतल्या बाजूला टॅलसला धरून ठेवणारा आणखी एक रुंद अस्थिबंध असतो, त्याचे नाव डेल्टॉइड.

नेहमीच्या मुरगळण्यात पाऊल आत दुमडते आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. म्हणून दुखते बाहेरून. आपांच्या बाबतीत उलटे झाले. पाऊल पायरीत रुतून राहिले, शरीर फिरले, म्हणजेच पाऊल पायाच्या मानाने बाहेर वळले. आधी आतला डेल्टॉइड फाटला. मग खालची बांधणी सुटली. मग तो जोर दोन हाडांमधला पडदा फाडत वर गेला आणि शेवटी बारीक हाड पिळून गुडघ्याखाली मोडले. ओला कपडा पिळताना एक टोक इथे धरतो आणि पीळ दुसऱ्या टोकापर्यंत जातो, अगदी तसे. काहींच्या बाबतीत डेल्टॉइड फाटण्याऐवजी आतल्या उंचवट्याचे हाडच मोडते. मग ते एक्स-रेत दिसते आणि डॉक्टर सावध होतो. पण नुसते अस्थिबंध फाटले असतील तर एक्स-रेत काही मोडलेले दिसत नाही, कारण अस्थिबंध एक्स-रेत दिसतच नाहीत. मोड असते, पण ती फिल्मच्या चौकटीच्या बाहेर, वर राहते.

मग माणूस चालतो कसा? हा प्रश्न आपांच्या मुलानेही विचारला. उभे राहिल्यावर शरीराचा बहुतांश भार नडगी उचलते. बारीक हाडाच्या वाट्याला सहाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही कमी भार येतो. म्हणून ते मोडले तरी माणूस लंगडत चालतो आणि घरचे म्हणतात, 'चालतोय ना, मग मोडलेले नाही.' ही समजूत साफ चुकीची आहे. चालता येणे म्हणजे हाड शाबूत असणे नव्हे.

कॅनडात ओटावा येथे इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये घोट्यासाठी काही सोपे नियम मांडले. आज ते जगभर वापरले जातात आणि घरातही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. घोटा मुरगळल्यावर आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या टोकावर अथवा मागच्या कडेने वर साधारण 6 सेंटिमीटरपर्यंत हाड दाबल्यावर दुखत असेल, किंवा लागल्याबरोबर आणि दवाखान्यातही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायलाच हवा. नियम चांगले आहेत, पण ते घोट्यापुरते आहेत. गुडघ्याखालचे हाड दाबून पाहा असे त्यात सांगितलेले नाही. ते काम तपासणाऱ्याने आठवणीने करायचे असते.

आपांचा दुसरा प्रश्न मला फार आवडला. ऑपरेशन करावे लागेल असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मोडलंय वर, आणि तुम्ही स्क्रू घालणार खाली? हे कसलं ऑपरेशन?"

मी म्हणालो, "आपा, वरचे हाड आपोआप जुळेल. ते मला काही त्रास देत नाही. खालची चौकट सुटली आहे, ती मला बांधायची आहे."

गुडघ्याखाली बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून एक महत्त्वाची नस जाते. पाऊल वर उचलण्याची ताकद तीच देते. तिथे विनाकारण चाकू लावला तर त्या नसेला धोका. म्हणून अगदी वरची मोड बहुतेक वेळा तशीच सोडतात. खाली दोन हाडे त्यांच्या मूळ जागी, योग्य लांबीत आणि योग्य वळणात आणून बांधली की वरचे टोक सहसा आपसूक जुळते. मोड पायाच्या मध्यावर किंवा खाली असेल, तर मात्र त्या हाडावर पट्टी लावावी लागते. या नसेमुळेच तपासताना आम्ही रुग्णाला अंगठा आणि पाऊल वर उचलायला सांगतो. उचलता आले नाही, पाऊल लोंबत राहिले, तर नसेलाही इजा झाली आहे असे समजायचे.

खालची बांधणी एवढी महत्त्वाची का? 1976 साली रॅमसे आणि हॅमिल्टन या दोन डॉक्टरांनी प्रयोगातून दाखवले की टॅलस बाहेरच्या बाजूला फक्त 1 मिलिमीटर सरकला, तर घोट्यातल्या दोन हाडांचा एकमेकांना टेकणारा भाग 42 टक्क्यांनी कमी होतो. पूर्वी जो भार तळहाताएवढ्या जागेवर पडत होता, तो आता अर्ध्या तळहातावर पडतो असे समजा. कूर्चा झिजते. काही वर्षांत घोट्याचा संधिवात होतो. मग खाली बसणे, उकिडवे बसणे, चढ-उतार, सगळे कठीण. शेवटी घोटा कायमचा जाम करण्याचे ऑपरेशन करावे लागते. आपांच्या बाबतीत मी हाच विचार मांडला. आज एक ऑपरेशन, की दहा वर्षांनी अधू घोटा.

निदान पक्के करण्यासाठी काय करतात? आधी दोन्ही पायांचे एक्स-रे तुलनेसाठी. आतल्या उंचवट्यात आणि टॅलसमध्ये 4 मिलिमीटरपेक्षा जास्त फट, किंवा सांध्याच्या 1 सेंटिमीटर वर दोन हाडांमध्ये 6 मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर दिसले, तर शंका घ्यायची. शंका असून फिल्म साधी दिसत असेल, तर पायावर भार देऊन, किंवा रुग्णाला कुशीवर निजवून पाऊल टेबलाच्या कडेबाहेर लोंबते ठेवून एक्स-रे काढतात. पावलाच्या वजनाने सुटलेली फट उघडी पडते. सीटी स्कॅनमध्ये दोन हाडांची जागा नेमकी दिसते, एमआरआयमध्ये फाटलेले अस्थिबंध दिसतात. प्रत्येकाला हे सगळे लागत नाही. बोटाचा दाब आणि पूर्ण पायाचा एक्स-रे एवढ्यावर पुष्कळांचे निदान होते, आणि दोन्ही तालुक्याच्या ठिकाणी होण्यासारखे आहेत.

आपांचे ऑपरेशन पडल्यापासून एकोणिसाव्या दिवशी झाले. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला. समोर पडद्यावर चालता एक्स-रे दाखवणारे यंत्र होते. बाहेरच्या बाजूने छोटासा छेद घेऊन, दोन्ही हाडे मूळ जागी आणून चिमट्याने धरली. सांध्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, बारीक हाडातून नडगीत, किंचित पुढच्या दिशेने दोन स्क्रू बसवले. या कामातला सर्वांत कठीण भाग स्क्रू घालण्याचा नसतो. हाड अगदी जागेवर आले आहे की नाही हे ओळखण्याचा असतो. ते थोडे पुढे-मागे राहिले, तर ऑपरेशन होऊनही दुखणे राहते. म्हणून काही ठिकाणी ऑपरेशननंतर दोन्ही घोट्यांचा सीटी स्कॅन करून खात्री करतात. तुम्ही डॉक्टरांना हे विचारलेत, तर त्यात गैर काही नाही.

स्क्रूऐवजी आता दुसरी सोयही आहे. दोन छोट्या धातूच्या बटणांमध्ये ओवलेला अतिशय मजबूत दोरा दोन्ही हाडांतून घालून आवळतात. त्यामुळे हाडांची नैसर्गिक बारीक हालचाल टिकते आणि तो सहसा काढावा लागत नाही. खर्च मात्र जास्त येतो. स्क्रूही चांगलेच काम करतात. चालायला लागल्यावर एखादा स्क्रू सैल होतो किंवा मोडतो. त्याने घाबरून जाऊ नये, तोवर अस्थिबंध भरून आलेले असतात. त्रास होत नसेल तर तो काढलाच पाहिजे असे नाही. खर्चाची अडचण असेल, तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी जरूर करा. लाज बाळगून उशीर करू नका, कारण उशिराची किंमत मोठी असते. दीड-दोन महिने उलटले की दोन हाडांच्या मध्ये जखमेचे निबर ऊतक भरते. ते खरवडून काढल्याशिवाय हाडे जवळ येत नाहीत आणि ऑपरेशन अवघड होते.

ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे त्या पायावर भार द्यायचा नव्हता. आपांना वॉकर दिला. घरातल्या बायकांना मी एक गोष्ट बजावून सांगितली. या सहा आठवड्यांत आपांनी स्वयंपाकघरात उभे राहायचे नाही, 'जरा भाजी फोडणीला टाकते' असेही नाही. आपल्या घरांत आई पडली की दोन दिवसांत चुलीपाशी परत दिसते, आणि कोणी तिला थांबवत नाही. पुष्कळ चांगली ऑपरेशने अशीच वाया जातात.

नमाजबद्दल आपांना काळजी होती. ज्याला उभे राहता येत नाही त्याने बसून नमाज पढावी, बसताही येत नसेल तर पडून, ही सवलत दीनने दिलेली आहे. आपांनी सहा आठवडे खुर्चीवर बसून, पाय समोर ठेवून नमाज पढली. प्लास्टरवरून वुजूचे काय? जखमेवरच्या बांधणीला फिकहच्या किताबांत जबीरा म्हणतात आणि तिच्यावर ओला हात फिरवण्याची, म्हणजे मसहची सोय आहे. मात्र आपल्याकडे शाफई आणि हनफी असे दोन्ही मसलक मानणारी घरे आहेत, आणि मसहबरोबर तयम्मुम करायचा की नाही अशा तपशिलात फरक आहे. तो आपापल्या मौलानांना विचारावा. डॉक्टर म्हणून माझे एवढेच सांगणे आहे की प्लास्टर भिजवू नका. आत पाणी गेले की कातडी कुजते आणि जखम चिघळते. जाता जाता, 'जबीरा' हा शब्द ज्या 'जबर'पासून आला, त्याचा एक अर्थ मोडलेले सांधणे असा आहे. गणितातल्या अल-जब्रचे मूळही तेच. स्पॅनिश भाषेत तर पूर्वी हाडे बसवणाऱ्याला 'अल्हेब्रिस्ता' म्हणत.

आता याच कुटुंबातल्या आणखी काही दुखापती थोडक्यात. त्या क्वचित होतात, पण चुकल्या तर महाग पडतात.

पहिली बॉसवर्थची. अमेरिकेतील डेव्हिड बॉसवर्थ यांनी 1947 मध्ये तिचे वर्णन केले. यात बारीक हाडाचे मोडलेले टोक नडगीच्या मागे जाऊन अडकते. पाऊल बाहेर वळलेले असते आणि तसेच कुलूप लागल्यासारखे राहते. ओढून बसवायचा प्रयत्न केला तरी बहुतेक वेळा बसत नाही. पुन्हा पुन्हा ओढले तर सूज वाढते, कातडीवर फोड येतात, आणि पोटरीतला दाब इतका वाढू शकतो की स्नायूंचा रक्तपुरवठा बंद पडतो. म्हणून इथे हाडवैद्याकडे जाणे म्हणजे पाय धोक्यात घालणे आहे. ही उघडून बसवण्याची, आणि तीही लवकर, दुखापत आहे. अपघातानंतर पाऊल वेडेवाकडे दिसत असेल, तर आहे त्या स्थितीत फळी किंवा उशी बांधून रुग्णाला थेट दवाखान्यात न्या.

दुसरी वाढत्या वयातल्या मुलांची. साधारण बारा ते पंधरा वर्षांच्या वयात नडगीच्या खालच्या टोकाची वाढीची कूर्चा आतल्या बाजूने आधी बंद होते, बाहेरच्या बाजूने शेवटी. त्या मधल्या काळात पाऊल वळले, तर बाहेरच्या पुढच्या कोपऱ्याचा तुकडा अस्थिबंधासह निघून येतो. तिलो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने ही मोड ओळखली जाते. मदरशाच्या किंवा शाळेच्या मैदानावर फुटबॉल खेळताना मुलगा पडला आणि घोट्याच्या पुढे बाहेरच्या कोपऱ्यात दुखत असेल, तर 'पोरांची हाडे लवचिक असतात' म्हणून सोडू नका. तुकडा 2 मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला असेल, तर सहसा ऑपरेशन करावे लागते, कारण मोड सांध्याच्या पृष्ठभागातून जाते.

तिसरी टॅलसच्या बाहेरच्या कोपऱ्याची. परदेशात बर्फावरच्या खेळात ती जास्त दिसते, आपल्याकडे मोटारसायकलवरून पडल्यावर किंवा उंचावरून उडी मारल्यावर. दुखते बाहेरच्या उंचवट्याच्या टोकाच्या जरा खाली, म्हणजे अगदी नेहमीच्या मुरगळण्याच्या जागी. साध्या एक्स-रेत ती सहज निसटते, सीटी स्कॅनमध्ये दिसते. मुरगळलेला घोटा महिनाभराने जराही सुधारत नसेल, तर हिचा विचार करायला हवा.

चौथी बाब मधुमेहाची. आपल्या समाजात घराघरांत साखर आहे. वर्षानुवर्षे साखर वाढलेली असेल तर पायाची संवेदना कमी होते. असा माणूस मोडलेल्या घोट्यावर आरामात चालतो आणि म्हणतो, 'दुखत नाही.' घोटा सुजलेला, लाल आणि दुसऱ्या पायापेक्षा गरम लागतो, पण दुखत नाही, हे चांगले लक्षण नाही, धोक्याचे आहे. अशा रुग्णांना प्लास्टर किंवा भार न देण्याचा काळ साधारण दुप्पट लागतो, आणि ऑपरेशनच्या आधी-नंतर साखर ताब्यात ठेवणे हा अर्धा इलाज असतो. तंबाखू आणि सिगारेटनेही हाड जुळायला उशीर होतो, हे पुरुषमंडळींनी ध्यानात घ्यावे.

एक गैरसमजही दूर करतो. बारीक हाड मोडले म्हणजे ऑपरेशन लागतेच असे नाही. बाहेरच्या उंचवट्याच्या खालच्या टोकाची मोड, किंवा जिच्यात आतला अस्थिबंध शाबूत आहे आणि टॅलस जागेवर आहे अशी मोड, प्लास्टरने किंवा बुटासारख्या आधाराने चांगली बरी होते. नडगीला नुसता थेट मार लागून बारीक हाड वरती मोडले आणि घोटा शाबूत असला, तरी ऑपरेशन लागत नाही. निर्णय एका प्रश्नावर अवलंबून असतो: घोट्याची चौकट घट्ट आहे की सुटली आहे? डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा.

आता माझ्या चुकीकडे येतो. पहिल्या दिवशी मी आपांचा गुडघ्याखालचा भाग का तपासला नाही? घाई होती, बाहेर रांग होती, हे खरे. पण आणखी एक कारण होते. त्यांनी सलवार चार बोटे वर केली आणि मी लिहाज म्हणून त्याच्या वर काही बोललो नाही. त्यांनाही बोलायचा संकोच वाटला. त्यांचा संकोच आणि माझा लिहाज, दोन्ही चांगल्या गोष्टी. पण त्या दोन्हींच्या मध्ये एक मोडलेले हाड सतरा दिवस लपून राहिले. उलेमांनी स्पष्ट सांगितले आहे की इलाजासाठी जेवढी गरज असेल तेवढा भाग डॉक्टरला दाखवणे जायज आहे. स्त्री डॉक्टर मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर नर्स किंवा घरातली बाई सोबत असावी, चादर असावी, आणि गरजेपुरतेच पाहावे. हे मागणे तुमचा हक्क आहे, आणि ही व्यवस्था ठेवणे आम्हा डॉक्टरांचे कर्तव्य. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात तपासणीच्या खाटेपाशी पडदा आणि घडी घातलेली चादर कायम असते, आणि घोटा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचा पाय मी गुडघ्यापासून दाबत खाली येतो.

घरातल्या माणसांनी एवढे लक्षात ठेवावे. पाऊल अडकून अंग फिरले असेल, घोटा आतल्या बाजूने सुजला असेल, तर गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हलकेच दाबून पाहा. दुखले, तर डॉक्टरांना आपणहून सांगा आणि पूर्ण पायाचा एक्स-रे काढायचा का ते विचारा. मालिश करू नका, जोरात ओढू नका, पट्टी इतकी घट्ट बांधू नका की बोटे निळी पडतील किंवा मुंग्या येतील. 'हाड ठीक आहे' असे ऐकल्यावरही दोन आठवड्यांत पाय नीट टेकवता येत नसेल, तर परत जा. परत गेल्याने डॉक्टरचा अपमान होत नाही. आपा परत आल्या नसत्या, तर मला माझी चूक कधीच कळली नसती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्यांना आणि त्यांच्या मुलाला समोर बसवून सांगितले की हे मी पहिल्याच दिवशी ओळखायला हवे होते. मुलगा गप्प राहिला. त्याचा राग चेहऱ्यावर दिसत होता, आणि तो योग्यच होता. आपा थोड्या वेळाने म्हणाल्या, "पुढच्या बाईचं बघा नीट, म्हणजे झालं."

आता सहा महिने झाले आहेत. आपा चालतात, जिना चढतात. खूप चालले की संध्याकाळी घोटा थोडा सुजतो आणि पाऊल पूर्वीइतके दुमडत नाही, हेही सांगायला हवे. पण मागच्या महिन्यात त्या तपासणीला आल्या, तेव्हा खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टर, काल मगरिबला जमिनीवर बसून अत्तहियात पढले."

अल्लाह सर्वांना सलामत ठेवो. आणि पावसाळा संपेपर्यंत मागच्या दारच्या पायऱ्यांवरचे शेवाळ आठवड्यातून एकदा घासून काढत चला.